वाचकांचे प्रश्न : जीपचा मागचा एक्सल घरी खोलावा का?

प्रश्न : माझी जुनी फोर बाय फोर जीप पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवर वरचेवर जाते. अलीकडे वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेला की मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच तो बदलतो. डिफरन्शियलचे (मागच्या दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जुळणीचे) ऑइल काढले तर ते दुधाळ निघाले. गॅरेजवाले अख्खा एक्सल बदलायला सांगतात. आवारात जागा आहे आणि हत्यारेही बरीच आहेत; हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : करता येईल, मात्र यात खोलणे आणि बसवणे हा सोपा भाग असून खरे काम मोजमापाचे आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे तबकडीचे मापक) आणि टॉर्क रेंच (नेमक्या जोराने आवळणारा पाना) यांची सोय होणार नसेल, तर या कामाला हात न घातलेला बरा.

दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरले आहे. एक्सलचे तापलेले हाऊसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, ओढ्यात एकदम थंड होते, आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र) बुजलेला असल्यास सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. त्यामुळे एक्सल कितीही निगुतीने बांधला, तरी ब्रीदर साफ करून त्याला रबरी नळी जोडल्याशिवाय आणि ती चेसिसवर उंच नेल्याशिवाय हा खर्च करू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच बदलणारा आवाज बहुधा क्राऊन-पिनियनचा (छोटे दातेरी पिनियन आणि ते फिरवते ते मोठे चक्र क्राऊन, या जोडीचा) किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. चाकाच्या बेअरिंगचा असता, तर तो वळणावर कमी-जास्त झाला असता.

पुढच्या चाकांना दगड लावून गाडी जॅक स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. कव्हर काढल्यावर लगेच पाना न लावता आधी बॅकलॅश, म्हणजे या जोडीच्या दातांमधली मोकळीक, मोजून लिहून ठेवावा. तो साधारणपणे ०.१० ते ०.२० मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा. बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी अशी खूण करावी, कारण त्या आपापल्या जागीच मशीन केलेल्या असतात. कुठली शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कुठून निघाली, हेही टिपून ठेवावे.

दातांवर खड्डे पडलेले नसतील, तर क्राऊन-पिनियन तेच ठेवून बेअरिंग आणि सील बदलणे पुरते. नवे घ्यायचे झाल्यास जोडीनेच घ्यावे. बेअरिंग दाबण्यासाठी घरी हातोडी चालवण्यापेक्षा प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये जावे.

खरी कसोटी पिनियन बसवताना लागते. दातांवर प्रशियन ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून, क्राऊनला लाकडी दांड्याने थोडा रोध देत ते दोन्ही दिशांना फिरवावे आणि उमटलेला ठसा पाहावा. ठसा दाताच्या माथ्याकडे असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब राहिले आहे, म्हणून जाड शिम घालावी. मुळाकडे असेल तर ते फार आत गेले आहे, म्हणून पातळ. पिनियन हलले की बॅकलॅशही हलतो, म्हणून दोन्ही पुन्हा तपासावे लागतात आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दर वेळी बेअरिंग उपसण्याचा त्रास वाचवायला जुन्या बेअरिंगचे भोक किंचित घासून ते सैल करावे आणि चाचणीपुरते वापरावे.

पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे नट आवळून त्यांवर ठेवलेला दाब, क्राऊन बसवण्यापूर्वी पाहावा. पिनियनच्या टोकाच्या फ्लँजभोवती (जोडचकतीभोवती) दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने एकसारखी ओढावी. त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि काटा ५ किलो दाखवत असेल, तर प्रीलोड २५ किलो-सेंटिमीटर झाला. काही एक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगांमध्ये, नट आवळताना चेपणारी स्लीव्ह (नळी) असते. तिथे नट जादा आवळला गेला, तर तो सैल करून भागत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते.

ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे, हायपॉइड गिअर (पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून सरकलेली जोडी) असल्यास जीएल-५ (गिअर ऑइलची एक प्रतवारी) दर्जाचे भरावे. जोडी नवी असेल तर सुरुवातीच्या फेऱ्या छोट्या ठेवून मध्ये एक्सल थंड होऊ द्यावा आणि ते पहिले ऑइल लवकर बदलावे.

पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जोडी शोधताना क्राऊन आणि पिनियन यांचे दात मोजून घ्यावेत. मागच्या दातांचे गुणोत्तर पुढच्या एक्सलशी जुळले नाही, तर फोर बाय फोर लावताच कोरड्या रस्त्यावर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतील आणि ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी गिअरची पेटी) दुखावेल.