हार्वर्ड खोडलं, आता बाकीचं बोलू

प्रिय ताई,
इंजिनिअरिंगला माझा सीजीपीए ५.९ होता, त्यात दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले होते. नोकरीतली नऊ वर्षं मात्र चांगली गेली, आता बारा जणांची टीम सांभाळतो. नुकतेच जीमॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला, ६४५ मिळाले. मित्राला २०१९ मध्ये ७०० होते, त्यामुळे तोंड पाडून बसलोय. नोकरी न सोडता एमबीए करायचंय. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, शिकागो बूथ, बर्कली हास, एनवाययू स्टर्न अशी यादी केली आहे. जमेल?
– काठावर पास

काठावर पास,
पहिली दोन नावं खोड. मार्कांमुळे नव्हे. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये पार्टटाइम एमबीए नाहीच! उरलेल्या तिघांकडे आहे, पण शिकागो, बर्कली आणि न्यूयॉर्क ही तीन शहरं एकमेकांपासून कोसो दूर आहेत. तू राहतोस कुठे, हे पत्रात लिहिलंच नाहीस. पार्टटाइमला खरी चाळणी तिथेच लागते. ऑफिस सुटल्यावर वर्ग गाठायचा, परत येऊन अभ्यास करायचा, आणि हे दोन-तीन वर्षं. रँकिंग बाजूला ठेव आणि आधी नकाशा उघड. ऑनलाइन किंवा फक्त वीकेंडचे वर्ग चालणार असतील तरच दूरची नावं धर.

जीमॅटचं रडगाणं बंद कर. २०२३ च्या अखेरीस परीक्षा बदलली, गुणांची पट्टीही बदलली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच तक्त्यात नवे ६४५ जुन्या ७०० च्या बरोबरीला बसतात. शिवाय गुण पाच वर्षंच चालतात, म्हणजे मित्राचे केव्हाच बाद झाले.

राहिला ५.९. तो बदलणार नाही. प्रवेश समितीला एवढंच बघायचं असतं की हा माणूस दिवसभर काम करून संख्याशास्त्र आणि फायनान्स पेलेल का. राहिलेले विषय गणिताचे असतील तर एखाद्या विद्यापीठाचा, ग्रेड मिळणारा संख्याशास्त्राचा कोर्स आत्ताच कर आणि त्यात चांगली ग्रेड आण. अर्जात जादा खुलाशाची जागा असते, तिथे चार-पाच ओळी पुरेत: काय झालं, पुढे काय बदललं. प्राध्यापकांना दोष नको. सीजीपीएचं चारच्या पट्टीवर रूपांतरही आपल्या मनाने करू नकोस. त्या-त्या बिझनेस स्कूलने सांगितलं असेल तसंच भर.

या बिझनेस शाळांच्या वेबसाइटवरची गुणांची सरासरी बघून धीर सोडू नकोस, त्याखालीही बरेच जण बसलेले असतात. मधल्या ८० टक्क्यांचा पल्ला (वरचे दहा आणि खालचे दहा टक्के विद्यार्थी सोडून बाकीच्यांचे गुण) दिला असेल तर तो बघ. त्यात तुझे गुण आरामात बसतात अशा दोन शाळा, थोडी हात उंचावून गाठायची एक, आणि जवळजवळ पक्की एक. पक्कीत जायची इच्छाच नसेल तर तिच्या अर्जाची फी भरू नकोस.

एक गोष्ट मला जास्त खटकते. एमबीए कशासाठी, हे तू सांगितलं नाहीस. याच क्षेत्रात वर चढायचं असेल तर पार्टटाइम उत्तम. क्षेत्र बदलायचं असेल तर प्रत्येक शाळेच्या करिअर ऑफिसला सरळ विचार: कॅम्पसवरच्या मुलाखती पार्टटाइमवाल्यांना खुल्या आहेत का, आणि कधीपासून? काही ठिकाणी त्यावर बंधनं असतात. इंटर्नशिप करायची तर नोकरीचं काय करणार, याचाही विचार कर.

आणि शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या साहेबांकडून नको, रोज तुझं काम बघणाऱ्या मॅनेजरकडून घे. त्यासाठी त्यांना बेत सांगावा लागेल. फीचा काही भाग कंपनी देते का, तेही त्याच बैठकीत विचारून टाक.
– ताई