आधी सरळ चालू दे, मग पळू दे

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोखच बदलला. पूर्वी लोक विचारायचे, जुनी गाडी चालू कशी ठेवायची. आता विचारतात, ती पळवायची कशी. पत्र जालन्याचं असो की नांदेडचं, गोंधळ तोच: इंजिनची ताकद वाढली की गाडी वेगवान झाली आणि मागे पंख (स्पॉयलर) बसवला की ती स्थिर झाली. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दुसरा तर जिवावर बेतणारा आहे. निवडक प्रश्न घेतो.

कॉन्टेसा क्लासिक आहे, इंजिन उत्तम. शंभरच्या पुढं गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं, गाडी तरंगल्यागत वाटते. ॲक्सेसरीवाला मागं मोठा स्पॉयलर लावा म्हणतो. लावू का? – वाचक, लातूर

लावू नका. तक्रार पुढच्या चाकांची आहे आणि तो तुम्हाला मागच्या चाकांचा माल विकतोय. डिकीच्या टोकावर पडणारा दाब मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतो, त्यामुळे पुढचं नाक उलट थोडं उचललं जातं. आज हलकं वाटणारं स्टेअरिंग उद्या आणखी हलकं होईल.

हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो, रेटा सव्वादोनपट होतो आणि तो भेदायला लागणारी ताकद सव्वातीनपटीच्याही पुढे जाते. म्हणून ८० ला लपून राहिलेला दोष १२० ला उघडा पडतो. मोठमोठ्या कंपन्यांनाही यातून जावं लागलं. पोर्शे ९११ चं इंजिन मागे, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्या नाकात हलक्या होत्या. कंपनीने १९६० च्या दशकात पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत ११-११ किलोची बिडाची वजनं बसवली, नंतर १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरने वाढवला. तिचा तो प्रसिद्ध मागचा स्पॉयलर १९७३ च्या कॅरेरा आरएसवर आला, तोही विंड टनेलमध्ये मोजूनमापून. बाजारात फायबरचा ठोकून मिळणारा पंख कुणी मोजलेला नसतो.

तुम्ही एवढं करा. डिकीत गॅसची टाकी किंवा कायमचं सामान असेल तर आधी ते वजन बघा. सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा. मागचे स्प्रिंग बसले असतील तर लगेच कळेल. नाक वर झालेल्या गाडीच्या पोटाखाली जास्त हवा शिरते. उलट, शोभेसाठी मागून उचललेल्या गाडीचा कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि ती रस्त्यावर भटकते. त्यानंतर टाय रॉड एंड, बॉल जॉईंट, आर्मचे बुश, शॉकअप तपासा आणि मगच अलाइनमेंट करा. बहुतेक ठिकाणी नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) जुळवून पैसे घेतात. तुम्ही कॅस्टरचा आकडा कागदावर मागा, कारण स्टेअरिंग सरळ धरून ठेवण्याचं मुख्य काम तोच कोन करतो. हे सगळं जुन्या गाड्यांची सस्पेन्शन स्वतः उघडणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, हे खरं का? – वाचक, परभणी

खोटं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. प्रेशर दर पंधरवड्याला सकाळी, टायर थंड असताना तपासा.

पद्मिनीचं स्टेअरिंग ७० च्या आसपास थरथरतं. सहा महिने झाले. बॅलन्सिंग करून घेऊ का? – वाचक, हिंगोली

सहा महिने वाट कसली पाहिलीत? गाडी आजच जॅकवर घ्या. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. हातात खेळ लागला तर हब बेअरिंग किंवा टाय रॉड एंड गेलेला आहे, आणि तो बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. बॅलन्सिंग त्यानंतर. मिस्त्रीला बोलावून दाखवा, फोनवर विचारू नका.

वडिलांची प्रीमियर ११८ एनई गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. टायर आठ वर्षांचे, पण नक्षी पूर्ण शिल्लक आहे. मे महिन्यात समृद्धीवरून नागपूरला न्यायची आहे. टायरवाला म्हणतो अजून वीस हजार किलोमीटर सहज जातील. – वाचक, जालना

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नक्षी बघून टायर किती झिजला ते कळतं, किती म्हातारा झाला ते कळत नाही. रबर उन्हाने, ओझोनने आणि नुसत्या काळानेही कडक होतं. गाडी पळत असली की रबरातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ते होत नाही, शिवाय वर्षानुवर्षं एकाच जागी भार पडून टायर तिथे चपटा होतो. म्हणजे शेडमध्ये जपलेला टायर फिरलेल्या टायरपेक्षा चांगला असेल हे गृहीत धरता येत नाही.

साइडवॉलवर डॉट (DOT) या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कधीकधी हे आकडे आतल्या बाजूला असतात, गाडीखाली वाकून बघा. मग रिमजवळच्या वळणात बोटाने रबर दाबा आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. केसाएवढ्या बारीक भेगा उघडताना दिसल्या तर तो टायर संपला, नक्षी कितीही असो. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्यांच्या लेखी दहा वर्षं ही शेवटची मर्यादा आहे. हाच नियम स्टेपनीलाही लागू, कारण ऐन वेळी तीच लावून तुम्ही पुढचे दोनशे किलोमीटर जाणार असता.

आता वेगाचं बघा. टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताना उघडतो. त्यातून उष्णता तयार होते. प्रेशर कमी असेल तर दबणं वाढतं, वेग जास्त असेल तर दबण्याच्या वेळा वाढतात, आणि मे महिन्यातल्या दुपारी तापलेलं काँक्रीट ती उष्णता बाहेर पडू देत नाही. गावातल्या गावात पन्नासने चालताना टायर थंड व्हायला उसंत मिळते. समृद्धीवर सिग्नल नाही, चौक नाही, तासन्तास एकच वेग. आतली तारेची पट्टी आणि रबर यांची पकड सुटते ती इथे, आणि सुटण्याआधी आवाज देईलच असं नाही. टायर तापल्यावर प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडणारेही आहेत. तसं कधीही करू नका, ते वाढणं धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो.

नायलॉन आणि रेडियल टायर एकत्र लावू नका. वेगाचं अक्षर बघा: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, पण हे आकडे नव्या, पूर्ण हवेच्या टायरसाठी असतात. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर या प्रवासाला नको.

वीस हजार किलोमीटरची हमी देणारा माणूस त्या गाडीत बसणार नाही. पाच नवे टायर घ्या, ताजी तारीख बघून घ्या, जुन्या रिमवर ट्यूबलेस चालतो का हे रिम दाखवून विचारा. महामार्गावर मोटारींना कमाल १२० ची मुभा आहे, पण तुमच्या गाडीने ८० च्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. १२० च्या वेगातली ऊर्जा ८० च्या सव्वादोनपट असते आणि ती सगळी ब्रेकलाच गिळावी लागते. निघण्याआधी ब्रेक ऑइल, होज पाइप आणि व्हील सिलिंडरही उघडून घ्या.

मित्रांसोबत रात्री बायपासवर ड्रॅग (सरळ रेषेतली छोटी शर्यत) लावतो. माझी फियाट सुटताना मागून उड्या मारते, वेळ वाया जातो. काय बसवू? – वाचक, नांदेड

आधी बायपास बंद करा. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरून दिवा न लावता येणारा उसाचा ट्रॅक्टर. ड्रॅगची हौस असेल तर मोटर स्पोर्ट्स फेडरेशनच्या मान्यतेची स्पर्धा गाठा, परवाना घ्या. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

आता उड्यांविषयी. क्लच सोडताच ॲक्सल मागे पिळला जातो, त्याबरोबर स्प्रिंगचे पाटे मुरडतात आणि सुटतात, पुन्हा मुरडतात. पाट्यांचे बुश, यू बोल्ट आणि मागचे शॉकअप नवे करा. तरी राहिलं तर ट्रॅक्शन बार, म्हणजे ॲक्सल पिळू न देणारा दांडा. न बघता ताकद वाढवलीत तर मागचं चाक फिरवणारा हाफ शाफ्ट तुटेल.

अपेक्षा मात्र मापात ठेवा. ड्रॅगचं अंतर ४०२ मीटर. साधारण ४० अश्वशक्ती आणि चालकासकट एक टनाची गाडी हिशेबाने ते सुमारे २२ सेकंदांत कापते. वेळ १० टक्क्यांनी खाली आणायची तर ताकद साधारण ३७ टक्क्यांनी वाढवावी लागते. आपल्याकडच्या ४२ अंशांच्या दुपारी हवाच इतकी विरळ असते की इंजिन थोडी ताकद तिथेच गमावतं. त्यामुळे कार्बोरेटरवर पैसे घालण्याआधी पहाटेची वेळ निवडा आणि गाडीतलं फालतू वजन काढा.

ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं ऑक्टेन जास्त, मग जुन्या गाडीचा पिकअप वाढेल ना? – वाचक, धाराशिव

वाढणार नाही. ऑक्टेन म्हणजे इंधन अवेळी न पेटण्याची क्षमता; ती जास्त असल्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनला होतो, तुमच्या इंजिनला नाही. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (इंधनाच्या छिद्रावर) मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. ते इथेनॉल सोसणारे घ्या, जेट जाणकाराकडून जुळवा. बाटलीतला ऑक्टेन बूस्टर घेऊ नका.

स्टँडर्ड हेराल्ड खाली बसवायची आहे. स्प्रिंगचे पाटे कमी करून देतो म्हणतात. – वाचक, छत्रपती संभाजीनगर

करू नका. हेराल्डला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल मधून वेगवेगळे झुलतात. वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. हा तिचा मूळचाच दोष. अंदाजाने पाटे काढले तर मागची उचल आणि आपटी दोन्ही वाढतील. मोजून बनवलेला पाटाच बसवायचा, तोही हेराल्डवर आधी काम केलेल्या माणसाकडून.

१९७२ ची फियाट आहे. जपानी इंजिन टाकून शर्यतीची करायची आणि व्हिंटेजची नोंदणीही घ्यायची. – वाचक, बीड

दोन्ही मिळणार नाही, एक निवडा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातलीच गाडी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. इंजिन बदलायचंच ठरलं तर आरटीओची आगाऊ परवानगी लागते. मिस्त्री 'नंतर बघू' म्हणाला तरी थांबू नका: मूळ इंजिनाला हात लावण्याआधी आरसी बुक घेऊन आरटीओत जा आणि काय चालेल ते लेखी घ्या.