वाचकांचे प्रश्न : लहान सिक्लिड आणि त्यांचे पाणी

प्रश्न : माझ्याकडे २४ × १२ × १२ इंचांची काचेची टाकी आहे. तिच्यात अमेझॉन नदीच्या तळाचा देखावा करून सिक्लिड कुळातले बुटके मासे ठेवावेत, अशी इच्छा आहे. दुकानदार म्हणतात की चार रॅम, दोन एंजल आणि चार कोरीडोरस एकत्र ठेवा, ‘सगळे तिकडचेच आहेत’. घरी नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि बोअरिंगही आहे. मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) २४० आणि बोअरिंगचा ९०० येतो. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : आपण मासे घेण्याआधी पाणी मोजले, हे फार चांगले केले, कारण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत मासे मेल्यानंतर पाण्याची चौकशी सुरू झालेली असते. दुकानदारांचे ‘सगळे तिकडचेच’ हे म्हणणे तेवढे स्वीकारू नका. अमेझॉनचे खोरे आपल्या देशाच्या दुपटीहून मोठे आहे. त्यातल्या एका नदीचे पाणी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे, दुसरीचे गाळाने दुधाळ आणि तिसरीचे काचेसारखे स्वच्छ असते. बायोटोप म्हणजे एखाद्या देशातले मासे एकत्र करणे नव्हे, तर त्यातली एकच जागा उभी करणे होय : अमुक ओढ्याचा काठ, तिथे गुडघाभर पाणी, तळाला अशी वाळू, वर असे झाड. ती जागाही आपल्या नळाला परवडेल अशी निवडावी.

आपल्या नळाला परवडणारा मासा आहे अपिस्टोग्रामा कॅकाटुऑयडिस. १९५१ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा मासा पेरू देशातील उकायाली आणि अमेझॉनच्या पूरक्षेत्रांतील उथळ, पालापाचोळ्याने भरलेल्या पाण्यात राहतो. नराच्या पाठीवरचे पहिले काही काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उंच वाढतात, त्यावरून त्याचे नाव पडले. नर सुमारे आठ आणि मादी पाच सेंटिमीटरची होते. काळ्या पाण्याच्या नद्यांतील त्याच्या भाईबंदांना जवळजवळ क्षारविरहित, आम्लधर्मी पाणी लागते, पण या माशाला मध्यम जडपणा आणि सात ते साडेसातपर्यंतचा पीएच सहज चालतो. आपल्या नळाच्या पाण्यात तेवढेच आरओचे पाणी मिसळले, आणि आरओचा टीडीएस ३० धरला, तर मिश्रण १३५ च्या आसपास येईल आणि तेवढे पुरे आहे. बोअरिंगचे पाणी मात्र या टाकीला दाखवूही नका. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुरकुरते आणि पातेल्याला पांढरा थर धरतो, ते जड पाणी कशासाठी वापरायचे याचे उत्तर पुढे दिले आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी ते रात्रभर उघड्या बादलीत, हवापंपाला जोडलेल्या बुडबुडे सोडणाऱ्या दगडासह ठेवावे.

तळाला रंगीत खडी नको, बारीक वाळू हवी, कारण हे मासे तोंडभर वाळू घेऊन त्यातले अन्न निवडतात आणि उरलेली कल्ल्यांतून बाहेर सोडतात. धारदार खड्यांनी त्यांचे तोंड आणि कल्ले सोलवटतात. बांधकामाची नर्मदेची वाळू चाळून, निवळ पाणी येईपर्यंत धुऊन घ्यावी. आपल्या भागातल्या वाळूत चुनखडीचे कंकर असतात, म्हणून मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे आणि बुडबुडे आले तर ती वाळू टाकीसाठी घेऊ नये. तीन सेंटिमीटरचा थर पुरतो. त्यावर देशी बदामाची, झाडावरून आपोआप गळालेली तपकिरी पाने सात-आठ पसरावीत. ती आधी स्वच्छ धुऊन दिवसभर पाण्यात ठेवली की खाली बसतात. हे झाड मूळचे आशियातले, पेरूतले नव्हे, हे कबूल आहे, पण पानाचा आकार आणि काम तेच आहे. दीड-दोन महिन्यांत पान कुजून फक्त शिरांची जाळी उरते, तेव्हा एकदम सगळी न बदलता निम्मीच नवी घालावीत. त्या कुजण्यावर वाढणारे सूक्ष्म जीव हेच पिल्लांचे पहिले अन्न असते. पेरूच्या झाडाची वाळलेली, साल निघालेली फांदी पंधरा दिवस भिजवून आडवी ठेवावी. कडुलिंबाचे लाकूड टाळावे.

अंडी घालायला गुहा लागते. नारळाची करवंटी अर्धी कापून, कडेला तीन सेंटिमीटरचे छिद्र पाडून पालथी घाला आणि वर पाने टाकून झाका, म्हणजे देखाव्याला बाध येत नाही. मादी छताला अंडी चिकटवते आणि त्या दिवसांत ती पिवळीधमक होते. पोटाखालच्या पंखांच्या पुढच्या कडा काळ्या होतात आणि इतके दिवस नराला भिणारी ती मादी त्यालाच हाकलू लागते. पिल्ले पोहू लागली की ती शरीर आणि पंखांना हलकेच झटका देते आणि सगळी पिल्ले खडे पडावेत तशी पानांत उतरून निश्चल होतात. टाकीसमोर मंद प्रकाशात पंधरा मिनिटे बसण्याची तयारी असेल तर हे स्वच्छ दिसते. तापमान २५ ते २६ अंश ठेवावे. सतत फार उष्ण ठेवल्यास पिल्लांत नर अधिक निघतात, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे.

सोबतीला काय, हा आपला खरा प्रश्न. आपल्या ५६ लिटरांत एक नर आणि एक मादी एवढीच जोडी ठेवावी. दुसरी मादी हवी असेल तर टाकी तीन फुटांची हवी. कोरीडोरस ठेवू नयेत. ते गरीब मासे आहेत, पण तेही तळाशीच वावरतात, रात्री अंडी-पिल्ले खातात आणि आईच्या चाव्यांना बळी पडतात. एंजल या उंचीच्या टाकीत मावतच नाही. वरच्या आणि मधल्या थरात मात्र हालचाल हवी, कारण वर छोटे मासे निर्धास्त पोहत आहेत हे पाहूनच खालचा भित्रा सिक्लिड बाहेर येतो. त्यासाठी दहा निऑन टेट्रा घ्यावेत. निऑनही पेरूच्याच पाण्यातला, तेव्हा येथे दुकानदारांचे म्हणणे अपघाताने खरे ठरते. पृष्ठभागावर साल्विनिया ही पाणवनस्पती तरंगू द्यावी. मुळे धरणाऱ्या झाडांची मुळीच गरज नाही. अशा पाचोळ्याच्या तळावर पुष्कळदा एकही झाड नसते. स्पंज फिल्टर लावून, चिमूटभर खाद्य टाकत टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवा आणि अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्ये शून्यावर आल्यावरच मासे आणा.

प्रश्न : निळे रॅम आणि निऑन एकत्र ठेवतो. रॅम महिनाभरात मरतात, निऑन टिकतात. हीटर २४ वर आहे. चूक कुठे होते?
— एक वाचिका, महू

उत्तर : आपला हीटर निऑनच्या सोयीचा आहे, रॅमच्या नाही. रॅम, म्हणजे मायक्रोजिओफॅगस रामिरेझी, हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातील लानोस गवताळ प्रदेशाच्या उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यातला मासा आहे. त्याला २८ ते ३० अंश उष्णता आणि मृदू पाणी लागते, तर निऑनला एवढी उष्णता फार काळ सोसत नाही. त्यांच्याऐवजी कार्डिनल टेट्रा ठेवावेत, ते ओरिनोकोच्या खोऱ्यातही सापडतात आणि उष्णता सोसतात. शिवाय नव्या टाकीत रॅम टाकू नये. टाकी तीन महिने जुनी असावी. फुग्यासारखे वाढवलेले ‘बलून’ रॅम कृपया विकत घेऊ नका, त्या बिचाऱ्यांचा कणाच वाकडा असतो.

प्रश्न : आमच्याकडे फक्त बोअरिंगचे पाणी, टीडीएस ९०० च्या आसपास. शेजारून नर्मदेचे पाणी भरून आणता येते. याही पाण्यात जगणारे लहान सिक्लिड आहेत का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आहेत आणि ते इतके सुंदर आहेत की आपल्या पाण्याला दोष देणे आपण सोडून द्याल. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या तळाला काही ठिकाणी निओथॉमा नावाच्या गोगलगाईचे रिकामे शंख पसरलेले असतात. तिथे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा मासा वसाहत करून राहतो. नर साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही आणि मादी त्याहूनही लहान असते. प्रत्येकाचा शंख ठरलेला असतो आणि त्याभोवतीची वाळू तोंडाने उपसून शंख तळात रुतवण्याचे काम दिवसभर चालते.

त्या सरोवराचे पाणी जड असून पीएच साडेआठ ते नऊ आहे, पण ९०० टीडीएस तिथेही नाही. एक भाग बोअरिंग आणि दोन भाग नर्मदेचे पाणी घेतले तर मिश्रण ४६० च्या जवळ येते आणि तेवढे ठीक आहे. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. बोअरिंगमधील क्षार चुन्याचे आहेत की साध्या मिठाचे, आणि नायट्रेट किती आहे, हे चाचणी संचाने एकदा पाहून घ्यावे. नायट्रेट जास्त निघाले तर बोअरिंग सोडून नळाचेच पाणी वापरावे आणि फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा घालावा.

वाळू पाच सेंटिमीटर खोल आणि अगदी बारीक असावी. शंखांसाठी आफ्रिकेला जावे लागत नाही. आपल्या तळ्यांतील मोठ्या गोगलगाईचे, अंगठा आत जाईल एवढ्या तोंडाचे रिकामे शंख चालतात. ते अंगणात उकळा, स्वयंपाकघरात नको, कारण आत काही राहिले असेल तर जो वास सुटतो तो दोन दिवस जात नाही. माशामागे तीन शंख घालावेत. दोन फुटांच्या टाकीत सहा मासे सोडा आणि सोबतीला काहीही ठेवू नका. वर्षभरात ती जागा त्यांची त्यांनीच भरलेली असेल.

प्रश्न : परदेशी नद्यांचे देखावे सगळेच करतात. भारतात सिक्लिड नाहीतच का?
— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आहेत, पण मूळच्या इथल्या फक्त तीन जाती. त्यांपैकी केरळात करिमीन म्हणून ताटात येणारा आणि २०१० मध्ये त्या राज्याचा मासा ठरलेला एट्रोप्लस सुरटेन्सिस चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून तो बाद. त्याच्या नावात आपल्या शेजारचे सुरत आहे, पण तो खरा दक्षिणेचा. दुसरा कॅनारेन्सिस हा कर्नाटकातल्या मोजक्याच नद्यांचा असल्याने त्याला त्याच्या नद्यांतच राहू द्यावे. तिसरा, सोनेरी-केशरी मॅक्युलेटस, आठ सेंटिमीटरचा आणि आपल्यासाठी अगदी योग्य. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील खाड्या, खाजण आणि नद्यांचे संथ भाग ही त्याची जागा. जड पाणी त्याला मानवते.

तीन फुटांच्या टाकीत सहा-सात जणांचा गट ठेवावा, कारण दोघेच असले तर एक दुसऱ्याचा छळ करतो. तळाला वाळू, बाजूला गुळगुळीत दगड आणि आडव्या मुळ्या ठेवाव्यात. पृष्ठभागासाठी डोक्यावर चकाकता ठिपका असलेला अप्लोकायलस लिनिएटस घ्यावा, तोही त्याच प्रदेशातला. टाकीला झाकण मात्र हवेच, तो उडी मारतो. मॅक्युलेटसचे आई-बाप दोघेही पिल्ले राखतात आणि पिल्ले त्यांच्या अंगाला चोची मारल्यासारखी टोचत राहतात. प्रथम पाहणाऱ्याला हा आजार वाटतो, पण ती आईबापांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खात असतात, तेव्हा औषध टाकू नये.

प्रश्न : उन्हाळ्यात टाकी ३३ अंशांवर जाते. काय करावे? आणि पिल्ले फार झाली तर यशवंत सागरात सोडली तर चालतील का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र बाष्पीभवनाने पाणी जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून भर घालताना आरओचेच पाणी घालावे, नळाचे नाही. वीज गेली तर चालेल असा बॅटरीचा हवापंप जवळ ठेवा, उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

पिल्ले तलावात सोडू नका. तिलापिया हाही आफ्रिकेचा सिक्लिडच, १९५२ मध्ये आपल्याकडे आणला गेला आणि आता देशभरच्या तलावांतून त्याला काढणे कोणालाच जमत नाही. पिल्ले दीड-दोन सेंटिमीटरची झाली की दुकानदार खाद्याच्या पुड्याच्या बदल्यात ती आनंदाने घेतात.