मेज की वॉरियर, आकड्यांवरून ठरवू नकोस

बाबू, मेज (जादूगार) घेऊ की वॉरियर (योद्धा) असं विचारतोस, पण क्लास, म्हणजे खेळातल्या पात्राचा प्रकार, निवडताना बोनसचे आकडे नुसते शेजारी-शेजारी ठेवून बघू नकोस. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ 2004 साली आला तेव्हा ह्युमन वंशाच्या पात्राला तलवारीच्या कौशल्यात आणि गदेत 5 गुण जास्त, ऑर्क वंशाच्या पात्राला कुऱ्हाडीत 5. दिसायला किरकोळ. पण आपली कमाल लेव्हल 60 आणि रेडचा (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या चढाईचा) बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, 63 चा धरला जायचा; त्याच्यावर वार चुकायचे, निसटते बसायचे. तिथे वॉरियरला हे 5 गुण सोन्याच्या मोलाचे, मंत्र मारणाऱ्या मेजला काडीच्या कामाचे नाहीत. बोनस तोच, न्याय वेगळा.

पॅलाडिन हा आणखी एक क्लास. तो सोबत्यांच्या जखमा भरतो, ढाल धरतो, मारतोही. त्याचा मार मेजइतकाच ठेवला तर मेजला कोण विचारणार? थोडा कमी असणं मला रास्त वाटतं, फक्त त्याच्या मदतीची किंमत ग्रुपने ओळखायला हवी. म्हापशात, बाहेर धो-धो पाऊस, मी रात्र रात्र पॅलाडिन खेळलोय. एकेकाला आशीर्वाद द्यायचा, 5 मिनिटांत तो संपायचा, की पुन्हा पहिल्यापासून. कोणी किती मार दिला त्या डॅमेजच्या तक्त्यात मी तळाला. तरी सोडला नाही, कारण बॉस पडला की त्यात माझाही हात आहे हे मला ठाऊक असायचं.

तू मेज आणि वॉरियर दोन्ही 20 लेव्हलपर्यंत खेळून बघ, मग ठरव. आणि पॅच (खेळात बदल करणारा अपडेट) आला की आधी त्याच्या नोट्स वाच.