सेल नवा, तरी घड्याळ बंद का?

प्रश्न : वडील मस्कतला नोकरीला होते, तेव्हा 1984 मध्ये त्यांनी घेतलेलं ओमेगा कॉन्स्टेलेशन आता मी वापरते. क्वार्ट्झ आहे, काचेच्या कडेला चार नख्या आहेत. पूर्वी सेल दोन-अडीच वर्षं जायचा, आता सहा महिन्यांतच घड्याळ थांबतं. दुकानदार म्हणतात, मशीन गेलंय, जपानी मशीन बसवून देतो. बसवू का? – एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, मुळीच बसवू नका. दुसरं मशीन बसवायचं म्हणजे काय करतात ते सांगतो. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मूळ मशीनच्या भोकांत बसतात. जपानी मशीनची भोकं वेगळ्या जागी. मग पाय कापायचे आणि डायल चिकटवायची. काट्यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून काटेही बदलायचे. वडिलांच्या घड्याळातली मग केस आणि काच तेवढी उरते.

तुमचं मॉडेल 1982 मध्ये आलं. त्या नख्या शोभेच्या नव्हेत, काच आणि तिच्याखालची रबरी रिंग त्या केसवर दाबून धरतात. त्यामुळे नख्यांना पकडून किंवा त्यांच्यावर जोर देऊन कुणी घड्याळ उघडत असेल तर हात धरा.

आता मूळ दुखणं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, सर्किट त्यातून सेकंदाला एक ठोका काढतं आणि त्या ठोक्यानं बारीक मोटर चाकं पुढे ढकलते. चाळीस वर्षांत बिघडतं ते बहुधा स्फटिकात नाही, चाकांत. तेल सुकतं, मशीन जड होतं. नवा सेल 1.55 व्होल्टचा, तो जोर लावून चाकं ढकलतो. तो जरा उतरला की मशीन अडतं. लोकांना वाटतं सेल संपला, पण त्यात जीव असतो. कोकणातल्या दमट हवेनं सर्किटवर ओल धरली तर वीज उगाच वाहत राहते आणि मग सेल खरोखरच लवकर संपतो.

म्हणून पुढच्या वेळी नुसता सेल टाकून घेऊ नका. ज्याच्याकडे क्वार्ट्झ तपासायचा मीटर आहे अशा कारागिराकडे जा आणि दोन गोष्टी विचारा : मशीन किती मायक्रोअँपिअर वीज खातंय, आणि सेल उतरल्यावर, म्हणजे 1.3 व्होल्टच्या आसपासही चालतंय का? कॉइल, म्हणजे मोटरचं तारेचं वेटोळं, तीही मोजायला सांगा. तिची तार डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी बारीक असते, स्क्रूड्रायव्हर निसटला की तुटते. सेल बदलताना सर्वांत जास्त नुकसान तिथंच होतं, ही माझी कळकळीची तक्रार आहे. कॉइल आणि सर्किट धड असेल तर मशीन पूर्ण खोलून, धुऊन, तेल देऊन पुन्हा चालतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यायचं ठरवलंत, तर ते मशीनच बदलणार आहेत का हे लेखी विचारा आणि जुने सुटे भाग परत मागून घ्या. या वयाच्या घड्याळाचं सर्किट बाजारात सहज मिळत नाही, म्हणून मूळचं आहे ते जपायचं.

सेलवर एसआर (म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड) अक्षरं आहेत ना, तेही बघा. एलआर म्हणजे अल्कलाइन. तो स्वस्त पडतो, पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि गळायचा धोकाही जास्त.

प्रश्न : महागडं क्वार्ट्झ घड्याळ लॉकरमध्ये ठेवणार आहे. चावी बाहेर ओढून ठेवली तर चालेल? – एक वाचक, नागपूर

उत्तर : काटे थांबतात, सेल थोडा वाचतो, पण आतच राहतो आणि कधीतरी गळतो. मग पत्र्यावर पांढरी-हिरवी भुकटी धरते, ती सर्किट खाते. वर्षभरासाठी ठेवणार असाल तर सेल काढूनच ठेवा.

प्रश्न : मुलगा टोकियोत असतो. निवृत्तीनिमित्त तो ग्रँड सेकोचं 9एफ मशीनचं घड्याळ देतोय. आयुष्यभर टिकेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : आनंदानं घ्या. 1993 पासूनचं हे क्वार्ट्झ मशीन वर्षाला दहा सेकंदांच्या आत मागेपुढे होतं, कारण ते दिवसातून 540 वेळा तापमान बघून स्वतःला सावरतं. मला त्याहून मोलाची वाटते ती आतली बंद पेटी. सेल बदलायला झाकण उघडलं तरी धूळ चाकांपर्यंत जात नाही, तेल जास्त टिकतं. पुढे खोलून दुरुस्त करता येईल अशा बेतानंच ते घडवलंय. सेल साधारण तीन वर्षांनी बदलावा लागेल. तेव्हा दर वेळी मागच्या झाकणाची रबरी रिंग तपासून घ्या आणि पाण्याची चाचणी करूनच घड्याळ ताब्यात घ्या. पुण्यात पावसाळ्याच्या तोंडावर हे काम करून घेतलेलं बरं.