मोठ्या संस्थांसमोर छोट्या गुंतवणूकदाराने शेअर्सचे व्यवहार यशस्वीपणे कसे करावेत?

संस्थांकडे अफाट भांडवल, विश्लेषकांचा ताफा आणि वेगवान संगणक असताना सामान्य गुंतवणूकदाराचा निभाव कसा लागणार, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, जिथे वेगावर निकाल ठरतो तिथे त्याने उतरूच नये. इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात खरेदी-विक्री उरकण्याच्या, व्यवहारांत आपल्याला शेअर विकणारी बहुधा एखादी संगणकप्रणाली असते. तिचे सर्व्हर एक्स्चेंजच्या यंत्रणेला खेटून बसवलेले असतात आणि आपली बातमी वाचून होण्याआधीच भाव हललेला असतो.

बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी अमेरिकेतील एका ब्रोकरकडील ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ या काळातील खाती तपासून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला, तर बाजाराने त्याच काळात १७.९ टक्के दिला. विशेष म्हणजे, खर्च वजा करण्यापूर्वी कमी आणि जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या परताव्यात फारसा फरक नव्हता. शेअरची निवड नव्हे, तर दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर त्यांना महागात पडले.

छोट्या गुंतवणूकदाराचे खरे बळ त्याच्या छोटेपणातच आहे. समजा, एका म्युच्युअल फंडाकडे १०,००० कोटी रुपये आहेत आणि कोणत्याही शेअरमध्ये तो किमान १ टक्का रक्कम घालतो. ५०० कोटी बाजारमूल्याच्या कंपनीत त्याला १०० कोटी घालायचे झाले, तर कंपनीचा पाचवा हिस्सा विकत घ्यावा लागेल. त्याच्या खरेदीनेच भाव चढेल आणि बाहेर पडताना त्याच्याच विक्रीने कोसळेल. म्हणून अशा कंपन्यांकडे मोठे फंड सहसा फिरकत नाहीत, विश्लेषकही त्यांच्यावर क्वचितच लिहितात, आणि वार्षिक अहवाल तळटिपांसह वाचण्याची चिकाटी असलेल्या माणसाला तिथे भावातील चूक सापडू शकते. मात्र याच कंपन्यांत ऑपरेटर मंडळी आधी स्वतः शेअर गोळा करतात, मग 'टिप्स' पसरवून भाव फुगवतात आणि उत्साहाने आलेल्यांच्या गळ्यात माल मारतात. ज्या शेअरबद्दल अनोळखी माणूस आपणहून सांगत येतो, तो मी तपासायलाही घेत नाही. रोजची उलाढाल इतकी तुटपुंजी असेल की आपले शेअर विकायलाच आठवडा लागेल, तर तिथे आपणही 'मोठे'च ठरतो, हेही विसरू नये.

दुसरे बळ सवडीचे. बाजार पडू लागला की युनिटधारक, म्हणजे फंडात पैसे गुंतवलेले लोक, पैसे परत मागतात आणि फंड व्यवस्थापकाला इच्छा नसतानाही विक्री करावी लागते. अशा वेळी ज्यांना ग्राहक मिळतो ते चांगले शेअरच बहुधा आधी विकले जातात. एखादी कंपनी निर्देशांकातून, म्हणजे निफ्टीसारख्या निवडक कंपन्यांच्या यादीतून, वगळली गेली की त्यावर आधारित फंड भाव न पाहता तिचे शेअर काढून टाकतात. शिवाय व्यवस्थापकाची तुलना दर तिमाहीला निर्देशांकाशी होत असल्याने हातात रोकड घेऊन थांबणे त्याला अवघड जाते. आपल्याला असा जाब विचारणारे कोणी नसते. वर्षभर एकही व्यवहार न करता अशा सक्तीच्या विक्रीची वाट पाहत थांबले तरी चालते. अर्थात हे स्वतःच्या पैशांपुरतेच खरे आहे. मार्जिनवर, म्हणजे उधारीवर, शेअर घेतले असतील तर भाव पडताच विकायचे केव्हा हे ब्रोकर ठरवतो आणि हे बळ हातचे जाते.

बाकीची पथ्ये थोडक्यात सांगतो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने व्यवहार) न देता लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाने किंवा त्याहून चांगल्या भावानेच व्यवहार) द्यावी. एकाच शेअरमध्ये फार पैसे अडकवू नयेत, कारण भांडवल ५० टक्क्यांनी घटले तर मूळ पदावर येण्यासाठी १०० टक्के वाढ लागते. प्रत्येक खरेदीचे कारण त्याच दिवशी लिहून ठेवावे, आणि ते कारण उरले नाही की भाव काहीही असो, शेअर विकावा. दरवर्षी दलाली, कर आणि लाभांश धरून आपला निव्वळ परतावा निर्देशांक फंडाच्या परताव्याशी ताडून पाहावा. सलग काही वर्षे आपण मागे पडत असू, तर बहुतांश रक्कम त्या फंडातच ठेवून स्वतःच्या निवडीसाठी छोटा हिस्सा राखावा.