तीन वाटे अस्मानी, सात वाटे सुलतानी

प्रश्न : ‘माओ सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक’ असं चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावात म्हटलं आहे. मूळ चिनीत टक्केच आहेत का? मराठीत ‘टक्के’ लिहावं की ‘गुण’?

उत्तर : टक्के नकोत आणि गुणही नकोत. त्याआधी ठरावाचं सांगतो, कारण हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. २७ जून १९८१ रोजी पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं संमत केलेल्या त्या ठरावात हा आकडा नाहीच. माओचं कर्तृत्व पहिल्या स्थानी आणि चुका दुसऱ्या स्थानी, एवढंच तिथे आहे. सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओनं १९६६ मध्ये पक्षातल्या विरोधकांवर उठवलेली मोहीम, ती तर सरसकट चूक ठरवली आहे. तरीही माओच्या जयंतीला, पुण्यतिथीला ‘ठरावानुसार ७० टक्के’ छापून येतं, कारण आधीच्या वर्षी कोणीतरी तसंच छापलेलं असतं.

हे प्रमाण मुळात माओचंच. एप्रिल १९५६ मध्ये त्यानं स्टालिनचा हिशेब केला तो असा : तीन वाटे चुका, सात वाटे कामगिरी. मेल्यावर आपल्यालाही हाच निवाडा मिळाला तर समाधान आहे, असं तो म्हणत असे. ही आठवण डेंग झियाओपिंगनं, माओनंतर पुढे चीनची सूत्रं हाती घेतलेल्या नेत्यानं, मे १९७७ मध्ये सांगितली. त्याआधी १९७५ मध्ये सांस्कृतिक क्रांतीलाही सात-तीनच द्यावेत, आणि तसा ठराव डेंगच्या देखरेखीखाली व्हावा, अशी माओची इच्छा होती. डेंगनं अंग काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याची पदं गेली.

चिनी शब्द आहे ‘फन’, म्हणजे दहातला एक वाटा. त्याचं अक्षर पाहा : वर दोन बाजूंना फाकलेल्या दोन रेघा, खाली सुरी. कापून वेगळं केलेलं ते ‘फन’. आपला ‘भाग’ही ‘भज्’ म्हणजे वाटणे या धातूतून आला. टक्क्याला शंभराचा हिशेब लागतो, मोजदाद लागते. वाट्याला फक्त वाटणारा लागतो.

शिवाय तीन-सात ही चिनी बोलण्यातली ठरलेली जोडी आहे. तीन वाटे रूप, सात वाटे नटणं. तीन वाटे उपचार, सात वाटे शुश्रूषा. १९३०च्या दशकात कम्युनिस्टांना वेढे घालताना चँग कै-शेकचं धोरण होतं, तीन वाटे लष्कर, सात वाटे राजकारण. म्हणजे माओचा हाडवैरीही तेच माप वापरत होता. माझा तर्क असा, की ही जोडी खळ्यावरून आली, मालक आणि कूळ यांच्यातल्या धान्याच्या वाटणीतून. हिश्शाच्या वाटणीला चिनीत आजही ‘तीन-सात’, ‘चार-सहा’ असंच म्हणतात. माओ हूनानमधल्या शाओशानचा, धान्याचा व्यापार करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या तोंडात वाटे येणार, शेकडेवारी नाही. आपणही ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ म्हणतो. विश्वा म्हणजे बिघ्याचा विसावा हिस्सा, तेव्हा विसातले अठरा. (अठरा गुणिले वीस म्हणजे वर्षाचे ३६० दिवस, ही फोड मला मुळीच मान्य नाही. गुणाकार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही, आणि उत्तरेत ‘बीसों बिस्वे’ म्हणजे पुरेपूर असा वापर आहेच.) या दारिद्र्याचं ‘नव्वद टक्के दारिद्र्य’ असं भाषांतर कोणी करत नाही.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते. हाच तीन-सात हूनानच्या शेतकऱ्यांनी माओच्या राज्यावर उलटवला होता. १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’नंतर, म्हणजे शेती-उद्योगाचं उत्पादन एकदम वाढवण्याच्या माओच्या मोहिमेनंतर, दुष्काळ पडला. त्यातल्या मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. सरकारी नाव होतं ‘नैसर्गिक आपत्तीची तीन वर्षं’. लिऊ शाओची १९६१ मध्ये आपल्या मुलखात, हूनानमध्ये फिरून आला, आणि जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत त्यानं तिथल्या शेतकऱ्यांचे शब्द सांगितले : तीन वाटे ‘थ्येनचाय’, सात वाटे ‘रनहुओ’. देशाचा अध्यक्ष हे बोलत होता. १९६९ मध्ये तो कैदेत, कायफंगला मेला. पक्षानं त्याला निर्दोष ठरवलं ते १९८० साली.

थ्येनचाय म्हणजे आभाळाचा कोप, रनहुओ म्हणजे माणसानं ओढवलेला अनर्थ. याचं मराठी ‘नैसर्गिक आपत्ती आणि मानवनिर्मित आपत्ती’ असं करणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्याकडे याच दोन गोष्टींसाठी घडवलेला जोडशब्द आहे : अस्मानी-सुलतानी. मराठा काळातल्या सारावसुलीच्या कागदांत तो येतो. पाऊस गेला किंवा फौजेनं पीक तुडवलं तर सूट, या अर्थानं.

शब्दशुद्धीवाले म्हणतात, फारसी-अरबी जोडी, टाळावी, ‘दैवी-मानवी’ लिहावं. त्यांनी जरा खोल जावं. फारसी ‘आस्मान’ आणि संस्कृत ‘अश्मन्’ ही एकाच मुळाची रूपं. अश्मन् म्हणजे दगड, तोच अश्मयुगातला. जुन्या इराणी भाषेत ‘अस्मन्’ म्हणजे दगडही आणि आभाळही, कारण आभाळ हे दगडी छत मानलं जाई. गारपिटीनं बाग झोपलेल्या शेतकऱ्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही. आणि अरबीत ‘सुलतान’ हा आधी माणूस नव्हता. त्याचा पहिला अर्थ सत्ता, अधिकार. तो धारण करणाऱ्याचं नाव पुढे तेच झालं. तेव्हा सुलतानी म्हणजे सत्तेकडून कोसळलेलं, मग तख्तावर कोणीही असो.

‘मानवी’ या शब्दात सगळीच माणसं येतात, उपाशी मेलेलीही. ‘सुलतानी’त ती येत नाहीत. धान्याचे खोटे आकडे वर पाठवणारे आणि त्या आकड्यांवर सरकारसाठी धान्य उचलणारे तेवढे येतात. रनहुओलाही हे इतक्या स्पष्टपणे सांगता येत नाही. म्हणून लिऊनं सांगितलेलं वाक्य मराठीत ‘तीन वाटे अस्मानी, सात वाटे सुलतानी’ असंच यायला हवं.

तुमच्या वाक्याचं : ‘सात वाटे कर्तृत्व, तीन वाटे चुका’ असं लिहा, आणि ते माओच्या, फार तर डेंगच्या नावावर घाला, ठरावाच्या नाही.